टिकाँडरोगा, ३० जुलै १६०९ : एका गोळीपर्यंतचा घटनाक्रम

आजच्या न्यूयॉर्क आणि व्हरमाँट या राज्यांच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेले एक लांबट सरोवर आहे. त्याच्या पश्चिम काठावर ३० जुलै १६०९ च्या सकाळी सॅम्युएल द शँप्लेन या फ्रेंच माणसाने बंदुकीचा एक बार काढला. दोन माणसे जागीच पडली, तिसरा जखमी होऊन काही वेळाने मेला. मेलेले मोहॉक होते. इरोक्वा महासंघातल्या पाच राष्ट्रांपैकी मोहॉक हे सर्वांत पूर्वेकडचे, महासंघाच्या पूर्व दरवाजाचे राखणदार.

त्या दिवसाची एकच लेखी हकीकत उपलब्ध आहे आणि ती गोळी झाडणाऱ्याने लिहिली आहे. १६१३ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ग्रंथात शँप्लेनने त्या रात्रीचे तपशील बारकाईने दिले, शत्रूला गाठले ती वेळही नोंदवली. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव मात्र त्यात नाही. म्हणून पुढचा सगळा घटनाक्रम आपण बंदुकीच्या मागे उभे राहून पाहतो आहोत, याचा वाचताना विसर पडू देऊ नये.

मे १६०३, तादुसाक

गोळी सुटायला अजून सहा वर्षे आहेत. सेंट लॉरेन्स नदीच्या काठी तादुसाक येथे इनू लोकांचा मेळावा भरला आहे. फ्रेंच त्यांना मोंतान्ये म्हणत. इनू आणि त्यांचे मित्र इरोक्वांवर नुकताच विजय मिळवून आले आहेत, मेजवानी चालू आहे. फ्रान्सहून आलेल्या गलबतावर शँप्लेन आहे, आणि फ्रान्स पाहून परतलेले दोन इनू तरुणही. त्यांच्यातला एक उभा राहून सरदार आनादाबिजूला सांगतो की, फ्रान्सच्या राजाला तुमच्या भूमीत आपली माणसे वसवायची आहेत. तो तुमच्या शत्रूंशी तुमचा समेट घडवील, नाहीतर त्यांना नमवायला सैन्य पाठवील. आनादाबिजू तंबाखूची चिलीम ओढतो, ती पाहुण्यांकडे देतो आणि हे ठीक आहे असे म्हणतो.

माझ्या मते अनर्थाचा पहिला दिवस हाच. त्या वचनात समेटाची वाट आधी होती आणि युद्धाची नंतर. पुढच्या सहा वर्षांत पहिली वाट कुणी चालून पाहिली नाही.

हिवाळा १६०८-०९, क्वेबेक

३ जुलै १६०८ रोजी शँप्लेनने क्वेबेकला लाकडी वस्ती बांधायला घेतली. हिवाळ्यासाठी अठ्ठावीस माणसे मागे राहिली. स्कर्व्ही आणि हगवणीने त्यांतली वीस मेली. जे आठ उरले, त्यांतले निम्मे आजारीच होते. ज्या व्यापाराच्या जिवावर ही वस्ती उभी होती, त्याचा मक्ता राजाने फक्त एका वर्षापुरता दिला होता.

वसंतात बर्फ वितळला तेव्हा शँप्लेनच्या हाती एवढेच होते : आठ माणसे, काही बंदुका, आणि बीव्हरची कातडी आणून देणारे इनू शेजारी. त्या शेजाऱ्यांनी युद्धाला चला म्हटले, तर नाही म्हणण्याची त्याची ऐपत नव्हती. त्याला जायचे होते हेही खरेच. दक्षिणेकडे एक मोठे सरोवर आणि सुपीक प्रदेश असल्याचे त्याने ऐकले होते आणि ते पाहण्याची त्याची ओढ त्याच्या लिखाणात लपत नाही.

जून १६०९, सेंट लॉरेन्सचा काठ

१८ जूनला क्वेबेक सोडल्यावर वाटेत त्याला दोन-तीनशे योद्ध्यांचा तळ भेटला. अल्गॉन्क्विन लोकांचा सरदार इरोके आणि वेंडॅट लोकांचा सरदार ओशास्तेगिन त्यात होते. फ्रेंचांनी वेंडॅटांना ह्युरॉन हे नाव दिले होते. या सगळ्या योद्ध्यांना आधी क्वेबेकची घरे पाहायची होती. मग पाच-सहा दिवस तिथे नाच, गाणी आणि मेजवान्या झाल्या आणि जून संपता संपता सगळे निघाले.

शाळेच्या पुस्तकांतून हा प्रसंग ‘गोरे विरुद्ध इरोक्वा’ असा समोर येतो, पण ओशास्तेगिनचे लोकही इरोक्वांच्याच भाषाकुळातले होते. तेही लांबघरांत राहत, मका, घेवडा आणि भोपळा पिकवत, आईकडून कूळ मोजत. हे वैर एका मोठ्या घराण्याच्या दोन शाखांमधले होते आणि ते फ्रेंचांच्या आधीपासून चालत आले होते. नव्याने आले ते लोखंड. सेंट लॉरेन्सवर युरोपी कुऱ्हाडी, सुऱ्या आणि भांडी उतरत होती. ती उत्तरेकडच्या लोकांना मिळत होती. आत दूरवर राहणाऱ्या मोहॉकांना ती मिळवायची तर लुटीखेरीज फारसा मार्ग नव्हता. मोहॉकांच्या धाडी वाढल्या, उत्तरेकडच्या लोकांची हानी झाली आणि त्यांनी आपल्या नव्या पाहुण्याला त्याच्या वचनाची आठवण दिली.

जुलै १६०९, रिशल्यू नदी

त्या काळी फ्रेंच या नदीला इरोक्वांची नदी म्हणत. तिच्या मुखाशी योद्ध्यांमध्ये मतभेद झाले आणि बरेच जण बायका आणि व्यापाराचा माल घेऊन घरी परतले. पुढे शांब्लीच्या धावत्या प्रवाहाने फ्रेंच होडी अडवली. होडी वरपर्यंत जाईल असे शँप्लेनला सांगण्यात आले होते, त्यामुळे तो चिडला. होडी मागे पाठवावी लागली. बरोबरच्या फ्रेंचांपैकी पुढे येण्याची हिंमत दोघांनीच दाखवली.

सालीच्या नावा खांद्यावर घेऊन तो टप्पा ओलांडल्यावर मोजदाद झाली : चोवीस नावा, साठ योद्धे. आणि तीन फ्रेंच.

जुलैचा मध्य, सरोवर

सरोवर पाहून शँप्लेन हरखला. मोठी बेटे, घनदाट रान, चेस्टनटची झाडे, हरणे, आणि लांब चोचीसारखे तोंड असलेला, दातांच्या दुहेरी रांगांचा एक मासा. काठ मात्र ओस होते. पूर्वी इथे वस्ती होती, युद्धांमुळे लोक आत सरकले, असे त्याला सांगण्यात आले.

बरोबरच्या माणसांची युद्धाची तयारी त्याने पाहिली आणि लिहून ठेवली, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत. प्रत्येक मुक्कामी त्यांचा मांत्रिक छोटी झोपडी उभारून आत जाई, झोपडी हलवी आणि शत्रूविषयी कौल घेई. मग सरदार योद्ध्यांच्या संख्येइतक्या काटक्या घेई, प्रमुखांसाठी जरा लांब, आणि पाच-सहा फूट मोकळ्या जागेत त्या जमिनीत रोवी. प्रत्येक योद्धा त्या मांडणीत आपली जागा निरखून पाही. नंतर सगळे उठून त्याच रचनेत उभे राहत, पांगत, पुन्हा जुळत. दोन-तीनदा असा सराव झाला की कुणी हुकूम न देताही प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असे.

शत्रूचा मुलूख दोन-तीन दिवसांवर आल्यावर चूल बंद झाली. धूर दिसू नये म्हणून मक्याचे पीठ पाण्यात कालवून खायचे, दिवसा रानात लपायचे, रात्री नावा हाकायच्या. आणि रोज एक प्रश्न : तुला स्वप्न पडले का? शत्रू दिसला का? शँप्लेन रोज नाही म्हणे आणि त्यांचे चेहरे उतरत.

२९ जुलै, दिवसा

रात्रभराच्या प्रवासानंतर तळ विसावला आहे. शँप्लेन तळावर एक फेरी मारून आडवा होतो. डोळा लागतो आणि अखेर स्वप्न पडते. डोंगराजवळ सरोवरात इरोक्वा बुडत आहेत. त्यांना वाचवायला तो पुढे होतो, पण बरोबरचे मित्र त्याला थांबवतात : मरू द्या त्यांना.

जागा झाल्यावर तो हे सांगतो. आता विजयाबद्दल कुणाच्या मनात शंका उरत नाही.

बुडणाऱ्यांना हात द्यावा असे त्याला स्वप्नात वाटले, हे त्याने स्वतःहून लिहिले आहे. ते लिहिले नसते तर कुणाला कळले नसते. म्हणून मला ते खरे वाटते. दुसऱ्या दिवशी त्याने जे केले ते पाहता ही ओळ वाचून पुढे जाणे मला अवघड जाते.

२९ जुलै, संध्याकाळ

अंधार पडल्यावर नावा पाण्यात. कुणी बोलत नाही. अमावास्या एक-दोन दिवसांवर आहे, चंद्र उगवणार तो थेट पहाटेच्या तोंडावर, तोही नखाएवढा.

२९ जुलै, रात्री दहा

पश्चिम काठावरून पाण्यात घुसलेले एक भूशीर आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आजचे टिकाँडरोगा. त्याच्या टोकाशी समोरून नावा येताना दिसतात. मोहॉक. तेही युद्धालाच निघालेले. दोन्हीकडून एकदम आरोळ्या उठतात आणि हात शस्त्रांकडे जातात.

अंधारात, पाण्यावर, अचानक पडलेली ही गाठ. इथेच झटापट झाली असती तर जवळच्या अंतरावर बाण आणि गदा चालल्या असत्या, बंदुकीचा उपयोग कदाचित झालाच नसता. पण तसे होत नाही. मोहॉक काठाला लागतात. उत्तरेकडचे योद्धे आपल्या नावा पाण्यातच एकमेकींना भिडवून खांबांना बांधून ठेवतात, काठापासून बाणाच्या टप्प्यात.

रात्री दहानंतर

काठावर झाडे तोडल्याचे आवाज. मोहॉकांकडे थोड्या लोखंडी कुऱ्हाडी आहेत, लढायांत मिळालेल्या. बाकीच्या दगडी. तेवढ्यावर काळोखात ते ओंडक्यांचा कोट उभा करतात. तो चांगला भक्कम झाला, अशी पावती शँप्लेन देतो.

मग पाण्यातून दोन नावा सुटतात आणि काठाजवळ जाऊन विचारतात : लढायचे आहे का? उत्तर येते की दुसरे काहीच नको आहे. पण आता उजेड नाही, एकमेकांना ओळखता येणार नाही. सूर्य उगवला की लढू.

मान्य, असे पाण्यावरून कळवले जाते.

या संपूर्ण हकीकतीत मी सर्वाधिक थांबतो ते इथे. हे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी आहेत. दोघांनाही समोरच्याची माणसे मारायची आहेत, पकडून न्यायची आहेत. तरी समोरासमोरची लढाई उजेडात व्हावी, कोण कोणाशी लढतो आहे ते दिसावे, हे दोघांनाही पटते. ते क्रूर युद्ध होते, पण त्याला काठ होते. लाकडाच्या फळ्या आणि विणलेल्या दोऱ्यांचे चिलखत घालून रांगेत उभे राहायचे, बाण अंगावर झेलायचे, धैर्य दाखवायचे. अशा लढाईत माणसे मरत, पण थोडी. मोहॉकांनी उजेडाची अट घातली ती याच जगातून. समोरच्या नावांमध्ये काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते.

मध्यरात्र ते पहाट

रात्रभर दोन्हीकडे गाणी, नाच आणि शिव्याशाप. तुमच्यात हिंमत नाही, उजाडले की कळेल, असे काठावरून. शस्त्रांचा असा प्रताप पाहाल की आजवर पाहिला नसेल, असे पाण्यावरून. या दुसऱ्या वाक्यात उघड इशारा होता, पण ऐकणाऱ्यांना ती नेहमीची बढाई वाटली असणार.

३० जुलै, तांबडे फुटताना

शँप्लेन आणि त्याचे दोघे सोबती इनूंच्या वेगवेगळ्या नावांमध्ये लपून आहेत. कुणी डोके वर काढत नाही. अंगावर हलके पोलादी चिलखत चढवले आहे. प्रत्येकाजवळ आर्केबस, म्हणजे त्या काळची जड, एकबारी बंदूक. शँप्लेनने आपल्या नळीत एकाऐवजी चार गोळ्या ठासल्या आहेत.

हा डाव फ्रेंचांचा होता की त्यांच्या मित्रांचा? दोघांचाही, असे मी म्हणेन. साठ माणसे दोनशेंच्या समोर उभी राहणार होती. त्यांनी आपले सर्वांत मोठे बळ शेवटच्या क्षणापर्यंत झाकून ठेवले, हा सरदारांच्या युद्धबुद्धीचा भाग होता. शँप्लेनने त्यांना वापरले असे म्हणतात. त्यांनीही त्याला तेवढ्याच विचारपूर्वक वापरले.

सूर्योदय

कोटातून मोहॉक बाहेर पडतात, जवळजवळ दोनशे. उंच, बळकट माणसे. शँप्लेन लिहितो की ते संथ पावलांनी, गंभीरपणे, निर्धास्त चालत आले. पुढे तीन सरदार, त्यांच्या डोक्यावरचे पिसांचे तुरे इतरांपेक्षा मोठे. मित्र त्याला तेच तुरे दाखवतात : ते तिघे सरदार, त्यांना मार. तो म्हणतो, शक्य ते सगळे करीन.

काठाला उतरून उत्तरेकडचे योद्धे शत्रूच्या दिशेने सुमारे दोनशे पावले धावतात. मोहॉक जागचे हलत नाहीत. दोघे फ्रेंच काही योद्ध्यांबरोबर रानात शिरले आहेत, त्यांच्याकडे कुणाचे लक्ष नाही. मग सगळे मोठ्याने शँप्लेनला हाका मारतात. रांग मधोमध दुभंगते. त्या वाटेने तो पुढे येतो, आपल्या लोकांच्या वीस पावले पुढे.

शत्रूपासून तीस पावलांवर तो उभा आहे. मोहॉकांना तो आत्ता दिसतो. ते थांबतात. ते त्याच्याकडे पाहतात, तो त्यांच्याकडे.

उजेडात एकमेकांना ओळखता यावे म्हणून ते रात्रभर थांबले होते. उजेड आला आणि समोर असा माणूस उभा राहिला, ज्याला त्यांच्यातला कुणीच ओळखत नव्हता.

धनुष्ये उचलली जातात. शँप्लेन बंदूक गालाशी धरतो, तिघांपैकी एकावर नेम धरतो आणि चाप ओढतो.

बारानंतर

दोघे कोसळतात. तिसरा मरणाची जखम घेऊन पडतो. मेघगर्जनाही ऐकू आली नसती एवढा कल्लोळ होतो. दोन्हीकडून बाण सुटतात. शँप्लेन पुन्हा बार भरत असताना रानातून दुसरी बंदूक वाजते. बाणांना दाद न देणारे चिलखत अंगावर असूनही सरदार मेले आणि आता मृत्यू बाजूनेही येतो आहे. मोहॉक कोट सोडून रानात पळतात. शँप्लेन पाठलाग करतो आणि आणखी काही जणांना मारतो. हे त्याचेच शब्द आहेत आणि त्यांत खंत नाही. दहा-बारा मोहॉक कैद होतात. उत्तरेकडच्यांपैकी पंधरा-सोळा जण बाणांनी जखमी होतात आणि लवकरच बरे होतात.

त्याच्या ग्रंथात या लढाईचे चित्र आहे. मध्यभागी शँप्लेन, मागे ताडामाडासारखी झाडे, आणि समोर उघडेनागडे मोहॉक. ते चिलखत घालून आले होते असे मजकुरात स्वच्छ लिहिले आहे, चित्रात त्यांच्या अंगावर काहीच नाही. पुढच्या पिढ्यांनी मजकुरापेक्षा चित्र जास्त पाहिले.

तीन तासांनंतर

मोहॉकांचा मका, पीठ आणि टाकून दिलेली चिलखते गोळा झाली आहेत. नाच आणि जेवण उरकून नावा उत्तरेकडे वळतात. शँप्लेन सरोवराला स्वतःचे नाव देतो.

३० जुलै, संध्याकाळ

सुमारे आठ लीग अंतर काटल्यावर मुक्काम पडतो. एका कैद्याला पुढे आणून त्याच्या लोकांनी केलेल्या अत्याचारांची यादी ऐकवली जाते आणि त्याला गायला सांगतात. तो गातो. मग त्याचा छळ सुरू होतो. शँप्लेनला ते पाहवत नाही. मला त्याला एका गोळीत मारू द्या, असे तो म्हणतो. ते नकार देतात, तो रागाने दूर जातो. त्याची नाराजी पाहून ते त्याला परत बोलावतात. कैद्याला कळायच्या आत तो गोळी झाडतो.

त्या दिवसाची शेवटची गोळी त्याने दयेपोटी चालवली. पहिली चालवली नसती तर ही वेळ आली असती का, हा प्रश्न त्याच्या हकीकतीत नाही.

सप्टेंबर १६०९ आणि नंतर

दोन महिनेही उलटले नव्हते, तोच डचांच्या नोकरीतला हेन्री हडसन दक्षिणेकडून नदीमार्गे आजच्या ऑल्बनीपर्यंत पोहोचला. टिकाँडरोगापासून हे अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. शँप्लेन तोवर फ्रान्सच्या वाटेवर होता. तिथे त्याने राजा चौथा हेन्री याला साळिंदराच्या काट्यांचा पट्टा, दोन लाल पाखरे आणि त्या दुहेरी दातांच्या माशाचे डोके नजर केले.

१९ जून १६१० रोजी रिशल्यूच्या मुखाशी पुन्हा लढाई झाली. सुमारे शंभर मोहॉक कोटात अडकले, पंधरा कैद झाले, बाकीचे जवळजवळ सगळे मारले गेले. शँप्लेनच्या कानाला आणि मानेला बाण लागला. टिकाँडरोगाच्या एका गोळीने दीडशे वर्षांचे फ्रेंच-इरोक्वा वैर पेरले, असे एकोणिसाव्या शतकातले इतिहासकार सांगत. ब्रूस ट्रिगरसारख्या नंतरच्या अभ्यासकांनी ते खोडून काढले, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. १६१० नंतर मोहॉकांनी उत्तरेकडे फारशा धाडी घातल्या नाहीत, १६२४ मध्ये तर शांततेचा करारही झाला. पुढची युद्धे बीव्हर, रोगांच्या साथी आणि व्यापाराच्या वाटा यांनी पेटवली. पण लढण्याची रीत बदलली ती बंदुकीमुळेच. लाकडी चिलखत निरुपयोगी झाले. रांगेत उभे राहणे म्हणजे मरण, हे कळल्यावर मोहॉकांनी ते सोडले, आणि हडसनमागून आलेल्या डचांकडून कातड्यांच्या बदल्यात स्वतः बंदुका घेतल्या.

१६ मार्च १६४९ रोजी सुमारे हजार इरोक्वा योद्धे, त्यांत मोहॉकही, वेंडॅटांच्या मुलखात शिरले. पहिल्या गावावर ते चालून गेले तेव्हा उजाडलेही नव्हते आणि गाव झोपेत होते. काही आठवड्यांत वेंडॅटांनी आपली उरलेली गावे सोडली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात शेकडो जण उपासमारीने मेले. १६५० मध्ये वाचलेल्यांतले काहीशे लोक क्वेबेकच्या आश्रयाला आले. त्यांचे वंशज आजही क्वेबेक शहरालगत वेंडाके येथे राहतात आणि मोहॉक सेंट लॉरेन्सच्या काठी काह्नवाके आणि अक्वेसास्ने येथे.